चार बँड, एकच ऑफसेट : केबल लॉसच्या भरपाईचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातली एक मध्यम आकाराची कंपनी वाहनांसाठी ट्रॅकर बनवते. आत बाहेरून विकत घेतलेलं फोर-जी मॉड्युल, जीपीएस आणि कंपनीचा स्वतःचा बोर्ड. मॉड्युल त्याच्या कारखान्यातूनच कॅलिब्रेट होऊन, म्हणजे रेडिओची पॉवर प्रमाणाशी जुळवून येतं. त्यामुळे इथल्या लाइनवर पॉवर 'लावायची' नसते, फक्त तपासायची असते. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत आणि बहुतेक आकडे एका दशांशापर्यंत आणले आहेत.

तपासणी सरळ आहे. ट्रॅकरचा बोर्ड शिल्ड बॉक्समध्ये (बाहेरचे रेडिओ सिग्नल अडवणाऱ्या पेटीत) ठेवायचा, अँटेनाच्या यू.एफएल या चिमुकल्या कनेक्टरवर पिगटेल, म्हणजे छोटी जोडकेबल, दाबायची, झाकण लावायचं. टेस्टर मोबाइल टॉवरचं सोंग घेतो, बोर्डाला पूर्ण पॉवरवर जायला सांगतो आणि किती पॉवर आली ते मोजतो. थ्रीजीपीपी या मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संघटनेच्या मानकाप्रमाणे पॉवर क्लास ३ च्या उपकरणाने २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॅट द्यायचे असतात. त्यात २ डीबी (डेसिबल, पॉवर किती पटींनी कमी-जास्त झाली याचं माप) इकडेतिकडे चालतात. कंपनीने लाइनवर २१ ते २५ डीबीएम हीच मर्यादा ठेवली होती. चार बँड, म्हणजे वारंवारतेचे पट्टे, तपासले जायचे : ८५० मेगाहर्ट्‌झचा बँड ५, ९०० चा बँड ८, १८०० चा बँड ३ आणि २३०० चा बँड ४०.

बोर्डातून निघालेली पॉवर टेस्टरपर्यंत पोचताना वाटेत थोडी खर्च होते : पिगटेलमध्ये, शिल्ड बॉक्सच्या भिंतीतल्या कनेक्टरमध्ये, बाहेरच्या केबलमध्ये, अडॅप्टरमध्ये. हा खर्च, म्हणजेच लॉस, टेस्टरला आधी सांगून ठेवावा लागतो, म्हणजे तो वाचलेल्या आकड्यात तेवढी भर घालतो. लाइनवर याला सगळे 'ऑफसेट' म्हणतात. इथे तो १.५ डीबी होता, चारही बँडना एकच. कोणी, कधी, कशावरून ठरवला, याची नोंद सापडली नाही.

तरीही काम चाललं होतं, कारण बाहेरची केबल जेमतेम अर्धा मीटर होती. पूर्ण वाटेचा खरा लॉस बँड ५ मध्ये १.२ आणि बँड ४० मध्ये २.१ डीबीच्या आसपास. म्हणजे एकीकडे ०.३ जास्त, दुसरीकडे ०.६ कमी असं वाचन येत होतं, आणि २१ ते २५ च्या ऐसपैस मर्यादेत ते खपून जात होतं.

अडचण

जोडसुट्टीत लाइनची जागा बदलली. टेस्टर रॅकमध्ये गेला, शिल्ड बॉक्स टेबलावर राहिला, मधलं अंतर वाढलं. देखभालवाल्यांनी दीड मीटरची आरजी-३१६ जातीची बारीक समाक्ष (कोअॅक्सिअल) केबल आणून जोडली. केबल चांगली होती, कनेक्टर नीट क्रिंप केलेले होते. तिचा लॉस किती, हे मात्र कोणी विचारलं नाही. नेमकं त्याच सोमवारी मॉड्युलचं नवं लॉट उघडलं.

दुपारपर्यंत बँड ४० मध्ये तीनातला एक बोर्ड नापास व्हायला लागला. नापासांचं वाचन २०.७, २०.९, पास होणाऱ्यांचंही जेमतेम २१.१. बँड ३ काठावर पास, बँड ५ आणि ८ ला काहीच तक्रार नाही.

संशय अर्थातच नव्या लॉटवर गेला. पुरवठादाराला मेल गेली, त्याने कारखान्याचा अहवाल पाठवला, त्यात बँड ४० ला २३.० च्या आगेमागे आकडे. 'यांचे अहवाल कागदावरच बरे असतात' असं म्हणून खरेदी विभागाने डेबिट नोट काढली. नापास बोर्डांचे ट्रे भरत गेले.

माझ्या मते प्रकरणातला पहिला निर्णय-बिंदू हाच, आणि तो कोणाच्या लक्षातही आला नाही. एकाच दिवशी दोन गोष्टी बदलल्या होत्या. जुन्या लॉटचे चार बोर्ड क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणी विभागाच्या) कपाटात राखून ठेवलेले होते. त्यातला एक काढून नव्या जागेवर लावला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं की दोष मॉड्युलचा आहे की वाटेचा. ही चाचणी झाली, पण आठवडा उलटल्यावर. जुना बोर्डही बँड ४० मध्ये नापास झाला.

त्याआधी एक संध्याकाळ

डिलिव्हरी अडली होती. लाइन सुपरवायझरने गोल्डन युनिट, म्हणजे ज्याची पॉवर आधी बाहेरच्या प्रयोगशाळेतून मोजून आणली आहे असा बोर्ड, बॉक्समध्ये ठेवला. त्याच्या कागदावर बँड ४० ला २२.९ होते. टेस्टरवर तेवढे दिसेपर्यंत त्याने ऑफसेट वाढवत नेला आणि ३.६ वर थांबला. लाइन धडाधड पास व्हायला लागली.

दुसऱ्या पाळीत क्यूसीच्या मॅडम दिवसाचे आकडे उतरवत होत्या. पास-नापासचा रकाना सोडून त्यांनी बँड ५ चा रकाना वाचला आणि लाइनवर आल्या.

"गोल्डन लावा बरं परत. बँड ५."

२४.५.

"याच्या कागदावर किती आहे? २२.९. बोर्ड तोच, मग दीड डीबी जास्तीची आली कुठनं?"

"मॅडम, बँड ४० बरोबर येतोय ना आता? बँड ५ तर मर्यादेतच आहे."

"मर्यादेत दिसतोय. उद्या साडेएकोणीसचा बोर्ड आला तर तो पण एकवीसच दाखवेल की हे."

त्यांनी त्या संध्याकाळी पास झालेला सगळा माल लाल पट्टी लावून बाजूला ठेवायला लावला. सुपरवायझर नाराज झाला, प्लॅनिंगचा फोन आला, पण माल निघाला नाही. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय मी हाच मानतो, आणि त्यासाठी कोणतंही उपकरण लागलं नाही.

एक आकडा का पुरत नाही

समाक्ष केबलमधला लॉस वारंवारतेबरोबर वाढतो. वारंवारता वाढली की प्रवाह तांब्याच्या वरच्या पातळ थरातूनच वाहतो. त्यामुळे होणारा लॉस साधारण वारंवारतेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. आतल्या इन्सुलेशनमधला लॉस थेट वारंवारतेच्या प्रमाणात वाढतो, पण या पट्ट्यात त्याचा वाटा लहान असतो. आरजी-३१६ ला १ गीगाहर्ट्‌झला मीटरमागे ०.९ डीबीच्या आसपास आणि २.४ ला १.४ ते १.५ लॉस होतो. ८५० वरून २३५० मेगाहर्ट्‌झवर गेलं की वर्गमुळाच्या हिशोबानेच लॉस १.६६ पट होतो.

केबल अर्धा मीटर असताना बँड ५ आणि बँड ४० मधला फरक ०.९ डीबी होता. ती दीड मीटर झाल्यावर दीड डीबी झाला. हा फरक कोणत्याही एका ऑफसेटने भरून निघत नाही. बँड ४० जुळवला की बँड ५ फुगतो, बँड ५ जुळवला की बँड ४० पडतो. नापास बोर्ड फक्त वरच्या बँडमध्ये होते, आणि बँडागणिक तूट चढत गेली होती. मॉड्युलमधला पॉवर अँप्लिफायर बिघडला तर तूट इतकी शिस्तीत वाढत नाही. आकडे पहिल्या दिवसापासून वाटेकडे बोट दाखवत होते.

तोललेले पर्याय

पहिला : बँडवार ऑफसेट, पण गोल्डन युनिटवरूनच. स्वस्त आणि झटपट. चारही बँडमध्ये गोल्डन जुळेपर्यंत आकडे फिरवायचे. उत्पादन प्रमुखांना हाच हवा होता. यावर बराच वाद झाला आणि तो व्हायला हवाच होता, कारण कित्येक ठिकाणी असंच चालतं. माझा आक्षेप असा की गोल्डन युनिट हाही एक बोर्डच आहे. त्याची पॉवर तापमानाने, बॅटरीच्या व्होल्टेजने, वयाने थोडी सरकते, आणि त्याचा कनेक्टर रोजच्या वापराने झिजतो. ही सगळी सरक मग ऑफसेटमध्ये जिरते आणि कोणाला दिसत नाही. पासंग रिकाम्या तराजूवर काढायचा असतो, माल ठेवून नाही. गोल्डन युनिट काहीतरी बदललं एवढं सांगायला उत्तम. लॉस किती हे त्याला विचारू नये.

दुसरा : केबल परत लहान करायची. टेस्टर रॅकमधून काढून टेबलावर आणायचा. तांत्रिकदृष्ट्या हाच सर्वांत चांगला उपाय होता. पण रॅक, वीज, नेटवर्क सगळं बसून झालं होतं. जाड, कमी लॉसची केबल घ्यावी असंही कोणी सुचवलं. ती इतकी ताठ असते की बॉक्स हलला की कनेक्टरवर जोर येतो. दोन्ही मागे पडले. टेस्टर हलवण्याचा पर्याय मी इतक्या लवकर सोडला नसता.

तिसरा : एका टोकावरून मोजणी. व्हीएनए (केबलमधून सिग्नल किती जातो आणि किती परततो ते मोजणारं उपकरण) टेस्टरच्या बाजूने लावायचा, बोर्डाकडचं टोक उघडं ठेवायचं, परत आलेली लाट मोजायची आणि डीबीचं निम्मं करायचं, कारण लाट जाऊन-येऊन दोनदा लॉस सोसते. सोय मोठी, पण साडेतीन डीबीच्या वाटेत परतीची लाट ७ डीबी खाली येते आणि मधल्या कनेक्टरवरून परतणारी छोटी लाट तिच्यात मिसळते. तो कनेक्टर २५ डीबी रिटर्न लॉसचा, म्हणजे त्याच्यावरून परतणारी लाट २५ डीबी खाली, असा धरला तरी निकाल अर्ध्या डीबीपर्यंत चुकू शकतो. उघडं आणि शॉर्ट अशी दोन वाचनं घेऊन सरासरी काढली तर सुधारतो. तरी ही पद्धत आम्ही झटपट पडताळणीपुरतीच ठेवली.

चौथा : वाट दोन्ही टोकांतून, दोन स्वतंत्र पद्धतींनी मोजायची. आर अँड डी कडे व्हीएनए होता. सिग्नल जनरेटर आणि पॉवर सेन्सरही होते. वेळ जास्त, लाइन अर्धा दिवस बंद. हाच निवडला.

प्रत्यक्ष मोजणी

खरी अडचण शेवटच्या टोकाची. वाटेच्या एका टोकाला एन-टाइप कनेक्टर, दुसऱ्याला यू.एफएल. व्हीएनएचं कॅलिब्रेशन किट एसएमए या तिसऱ्याच जातीच्या कनेक्टरचं. पिगटेलच्या टोकाशी कॅलिब्रेशन करता येत नाही, आणि पिगटेल सोडून मोजलं तर अर्ध्या डीबीहून जास्त लॉस हिशोबाबाहेर राहतो.

यासाठी तीन पिगटेल घेतल्या, अ, ब आणि क. एका टोकाला एसएमए, दुसऱ्याला यू.एफएल. दोन यू.एफएल सॉकेट अगदी जवळ बसवलेला एक नखाएवढा बोर्ड बनवून घेतला. त्यावर पिगटेल जोडीने लावून लॉस मोजला. २३५० मेगाहर्ट्‌झला अ आणि ब मिळून १.१६, अ आणि क मिळून १.२२, ब आणि क मिळून १.१०. तीन समीकरणं, तीन अज्ञातं. पहिल्या दोहोंची बेरीज, वजा तिसरं, भागिले दोन : अ चा लॉस ०.६४. तसाच ब चा ०.५२, क चा ०.५८. जोडबोर्डाचा जो काही लॉस असेल तो निम्मा-निम्मा वाटला गेला. कोणतीही पिगटेल 'आदर्श' मानावी लागली नाही, हे या पद्धतीचं सौंदर्य.

उरलेली वाट आधी व्हीएनएने मोजली. मग बदलाच्या पद्धतीने : जनरेटरची पॉवर सेन्सरने थेट मोजायची, मग मध्ये वाट घालून परत मोजायची, फरक म्हणजे लॉस. दोन्ही निकाल बँड ५ मध्ये ०.१ च्या आत जुळले. बँड ४० मध्ये ०.७ चा फरक आला.

इथे थांबणं हा पुढचा निर्णय-बिंदू होता. 'सरासरी घेऊ' हा सूर निघाला होताच. दोन चांगल्या उपकरणांत ०.७ चा फरक सरासरीने मिटत नाही, तो शोधावा लागतो. सेन्सरचं वाचन चालू ठेवून केबल हळूहळू हाताने हलवत नेली. दीड मीटरच्या केबलवर काही नाही. शिल्ड बॉक्सच्या भिंतीतला एसएमए बोटाने घट्ट केलेला निघाला, तिथे वाचन ०.३ ने हललं. रोजच्या वापरातली पिगटेल नुसती स्पर्शली तर ०.४ ने.

स्टेनलेस स्टीलचा एसएमए सुमारे ०.९ न्यूटन-मीटरला आवळायचा असतो, पितळेचा त्याहून बराच कमी. त्यासाठी टॉर्क स्पॅनर मिळतो. कंपनीत तो होता, आर अँड डी च्या खणात. पिगटेलचं प्रकरण अधिक गंभीर. यू.एफएलची जोडणी उत्पादक साधारण ३० वेळांपुरतीच धरतात, कारण तो कनेक्टर जुळणीच्या वेळी एकदा लावून सोडून द्यायचा असतो. लाइनवर तेवढ्या जोडण्या चहाच्या सुट्टीआधीच होतात, आणि ही पिगटेल महिनोन्‌महिने तीच होती.

नवी पिगटेल, नीट आवळलेले कनेक्टर. दोन्ही पद्धती चारही बँडमध्ये ०.१५ च्या आत आल्या. पूर्ण वाटेचा लॉस : बँड ५ ला २.०, बँड ८ ला २.१, बँड ३ ला २.९, बँड ४० ला ३.५ डीबी. जुन्या १.५ च्या ऑफसेटमुळे बँड ४० पूर्ण २ डीबी कमी दिसत होता. चांगला २२.८ चा बोर्ड २०.८ दाखवून नापास होत होता.

काय बदललं

टेस्टच्या स्क्रिप्टमध्ये एका आकड्याच्या जागी वारंवारतेप्रमाणे तक्ता आला. प्रत्येक बँडच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन बिंदू. मधल्या वारंवारतांना स्क्रिप्ट प्रमाणात मोजते. हे करताना एक जुनी गफलत सापडली. टेस्टरमध्ये येणाऱ्या आणि जाणाऱ्या सिग्नलचे ऑफसेट वेगवेगळे भरायचे असतात. जाणाऱ्याचं खातं कोणी पाहिलंच नव्हतं, तिथे १.५ तसाच होता. त्यामुळे टेस्टरला वाटायचं त्यापेक्षा बँड ४० मध्ये बोर्डाकडे २ डीबी कमी सिग्नल पोचत होता आणि रिसीव्हरची संवेदनशीलता तेवढीच वाईट दिसत होती. मर्यादा सैल असल्याने ती चाचणी पास होत राहिली.

पिगटेल काढून स्प्रिंगचा आरएफ प्रोब बसवला. तो सॉकेटवर नुसता टेकतो, अडकत नाही, आणि त्याचं आयुष्य हजारो दाबांत मोजतात. प्रोबचा लॉस त्याच जोडबोर्डावर काढला : एका सॉकेटवर प्रोब, दुसऱ्यावर क पिगटेल, एकूण लॉसमधून क चा वजा.

प्रोबच्या मागे ६ डीबीचा अटेन्युएटर, म्हणजे पॉवर ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग, घातला. आधीच लॉसने हैराण असताना मुद्दाम आणखी सहा डीबी कशाला, असं सुपरवायझरने विचारलं. प्रश्न रास्त होता. बोर्डाचं आउटपुट आणि समोरची वाट दोन्ही पूर्ण ५० ओहम नसतात, म्हणून लाट दोघांच्या मध्ये खेळत राहते. एकीकडे व्हीएसडब्ल्यूआर (या विसंगतीचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळलेलं) २ आणि दुसरीकडे १.५ असेल तर नुसत्या या विसंगतीने वाचन ०.६ डीबी वर किंवा खाली जाऊ शकतं. केबलची लांबी किंवा वारंवारता बदलली की तेही बदलतं, त्यामुळे तक्त्यात बसत नाही. अटेन्युएटरमधून परतणारी लाट दोनदा जाते, बारा डीबीने खाली येते. त्याची स्वतःची थोडी विसंगती धरली तरी चूक निम्म्यावर येते. माहीत असलेला सहा डीबीचा लॉस तक्त्यात घालता येतो. माहीत नसलेला अर्धा डीबी घालता येत नाही.

तापमानावरही चर्चा झाली. तांब्यातला लॉस अंशामागे सुमारे ०.२ टक्क्याने वाढतो. साडेतीन डीबीच्या केबलला १५ अंशांनी ०.१ डीबी. त्याच्या मागे लागलो नाही.

निकाल

नव्या तक्त्यावर नापास ट्रेमधले बोर्ड परत लावले. जवळपास सगळे पास झाले. डेबिट नोट मागे घ्यावी लागली. पुरवठादाराशी संबंध सुरळीत व्हायला मात्र वेळ लागला.

लाल पट्टीच्या मालात दोन बोर्ड सापडले. बँड ५ मध्ये एकाची खरी पॉवर २०.१, दुसऱ्याची १९.८. ३.६ च्या ऑफसेटवर ते २१.७ आणि २१.४ दाखवून पास झाले होते. दोन्हीत अँटेनाच्या वाटेवरचा मॅचिंगचा एक घटक नीट सोल्डर झालेला नव्हता. शहरात हे ट्रॅकर चालले असते. टॉवर लांब असतो त्या घाटरस्त्यावर, जिथे ८५० वरच भिस्त असते, तिथे गाडी नकाशावरून गायब झाली असती.

जागा बदलल्यापासून त्या संध्याकाळपर्यंत निघालेला माल परत बोलवायचा का, यावर बैठक झाली. नको ठरलं, आणि कारण पक्कं होतं : तेव्हा ऑफसेट खऱ्या लॉसपेक्षा कमी होता, म्हणजे वाचन खऱ्यापेक्षा कमीच येत होतं. कमी दाखवूनही २१ च्या वर गेलेला बोर्ड खरोखर २१ च्या वरच असणार. वरच्या टोकाला २५ ओलांडणारा बोर्ड मात्र सुटू शकला असता. म्हणून बँड ४० मध्ये २३ च्या वर वाचन आलेले बोर्ड नोंदींतून शोधले. एकही नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

राखीव बोर्ड आधी लावायला हवा होता, हे वर आलंच. दुसरं, जागा बदलण्याच्या कामाच्या यादीत रॅक, वायरिंग, यूपीएस सगळं होतं. आरएफ केबल 'वायरिंग'मध्ये धरली गेली. आता प्रत्येक केबलला क्रमांक, लांबी आणि लॉसचा कागद आहे, आणि केबल बदलली की तक्ता आपोआप रद्द होतो, असं स्क्रिप्टमध्येच लिहिलं आहे. याने देखभालवाले वैतागले आहेत.

सुपरवायझरला दोष देणं मला पटलं नाही. त्याच्यापुढे लाइन बंद होती, ऑफसेटचा रकाना उघडा होता आणि गोल्डन युनिटचा कागद हातात होता. कोणीही तेच केलं असतं. आता रकान्याला पासवर्ड आहे. गोल्डन युनिट रोज सकाळी लागतं, पण फक्त पाहण्यासाठी : कोणत्याही बँडमध्ये ०.५ डीबीपेक्षा जास्त सरकलं तर लाइन थांबते आणि आधी कनेक्टर, मग प्रोब, मग केबल तपासली जाते. तक्त्याला हात लावायचा अधिकार क्यूसीकडे आहे, उत्पादनाकडे नाही.

एक मुद्दा अजून लोंबकळतो आहे. कंपनीची दुसरी लाइन याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. तिथेही एकच ऑफसेट आहे, १.८ डीबी. तिथे नापास माल वाढलेला नाही, त्यामुळे अर्धा दिवस लाइन बंद ठेवायला कोणी तयार नाही. तिथले बँड ५ चे आकडे सरासरीने बँड ४० पेक्षा पाऊण डीबी वर आहेत. क्यूसीच्या मॅडमनी तो आलेख छापून बैठकीच्या खोलीत लावला आहे.